आंबेडकरी यूट्यूबरने पोट कशावर भरायचे?

१४ एप्रिलच्या आगेमागे महिनाभर आपल्या समाजाचा मोबाईल निळा होऊन जातो. भीमगीते, मिरवणुकीचे ड्रोन शॉट, चवदार तळ्याची माहिती, संविधानावरचे दहा मिनिटांचे व्हिडिओ, सगळे धडाधड चालते. ज्या पोराला गल्लीत कोणी ओळखत नाही त्याच्या व्हिडिओला लाख-दोन लाख व्ह्यूज येतात. मग मे उजाडतो. लग्नसराई, मग पेरणी, मग शाळेची फी, आणि त्याच चॅनेलवर दोन हजार माणसेही फिरकत नाहीत. पुन्हा गर्दी होते ती धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, नंतर ६ डिसेंबरला, नंतर १ जानेवारीला. चॅनेल चालवणाऱ्याच्या खोलीचे भाडे मात्र बाराही महिने भरावे लागते.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. त्या निमित्ताने असे दहा-बारा तरुण-तरुणी आमच्या जवळच्या ओळखीचे झाले आहेत. कोणी अत्याचाराच्या गावी जाऊन बातमी करतो, कोणी शिष्यवृत्तीच्या जीआरची फोड करून सांगते, कोणी गाणी लिहितो. यांच्यातल्या एकाचे सबस्क्राइबर लाखाच्या वर आहेत आणि तो दिवसा गोडाऊनमध्ये माल मोजतो. एकीने मागच्या पावसाळ्यात कॅमेरा विकला. लोक तिला अजून मेसेज करतात, "ताई, व्हिडिओ का येत नाही?" प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकानेही तिला कधी दहा रुपये दिलेले नाहीत, आणि दिले पाहिजेत असे त्यांच्या मनातही आलेले नाही. त्यांचा दोष नाही. मोबाईलवर जे दिसते ते फुकट असते, अशी सवय आपल्या सगळ्यांना लावली गेली आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. लक्ष वेगळे आणि उत्पन्न वेगळे. लोक बघतात एवढ्याने कोणाची चूल पेटत नाही. बघणाऱ्यांपैकी थोड्या लोकांनी ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली तरच पेटते. आपल्या समाजाकडे या गोष्टीला जुना, ओळखीचा शब्द आहे: वर्गणी.

आधी "व्ह्यूज म्हणजे पैसे" हा गैरसमज काढून टाकू. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायचा तर १,००० सबस्क्राइबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. तो उंबरठा ओलांडला की मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलला मिळतात, ४५ टक्के कंपनी ठेवते. शॉर्ट्सचा हिशेब निराळा आहे. तिथे जाहिरातींचे सगळे पैसे एका हौदात जमा होतात, त्यातून गाण्यांच्या हक्काचे पैसे वजा होतात, उरलेल्याची व्ह्यूजच्या प्रमाणात वाटणी होते आणि त्या वाटणीतले ४५ टक्के आपल्या हातात पडतात. तीस सेकंदांच्या शॉर्टला पाच लाख व्ह्यूज आले म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. शिवाय खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येतच नाहीत, पुढच्या महिन्यावर ढकलले जातात. एप्रिलमध्ये येतात, जुलैमध्ये येत नाहीत.

जाहिरातदार पैसे मोजतो ते प्रेक्षकाच्या खिशाकडे बघून. अमेरिकेतल्या प्रेक्षकाचा भाव वेगळा, जालन्यातल्या प्रेक्षकाचा वेगळा. शेअर बाजार, कर्ज, गाड्या या विषयांवर बोलणाऱ्या चॅनेलच्या शेजारी बसायला कंपन्या तयार असतात. गावकुसाबाहेरच्या जळालेल्या घराच्या व्हिडिओशेजारी कोणत्या कंपनीला आपला साबण दाखवायचा आहे? यूट्यूबच्या जाहिरात-नियमांत हिंसा, संवेदनशील घटना, वादग्रस्त विषय असे गट केलेले आहेत. व्हिडिओ त्यात बसवला गेला की त्यापुढे पिवळे चिन्ह येते, म्हणजे जाहिराती मर्यादित किंवा अजिबात नाहीत. अत्याचाराची बातमी हिंसेचा उल्लेख केल्याशिवाय कशी करायची, हे या नियमांत लिहिलेले नाही.

याचा परिणाम काय होतो ते समजून घेतले पाहिजे, कारण खरा धोका इथे आहे. पीडित कुटुंबाला भेटायला तीनशे किलोमीटर जाऊन, एफआयआरची प्रत मिळवून, अॅट्रॉसिटीची कलमे नीट लावली आहेत का हे तपासून केलेल्या व्हिडिओला पैसे जवळजवळ मिळत नाहीत. घरी बसून आपल्याच दोन गटांच्या नेत्यांना एकमेकांवर घालणाऱ्या व्हिडिओला मिळतात. प्रवास खर्च शून्य, व्ह्यूज भरपूर, कमेंटमध्ये शिवीगाळ, म्हणजे अजून व्ह्यूज. तुम्हीच आठवून बघा, गेल्या दोन-तीन वर्षांत आपली किती चॅनेले बातमीकडून भांडणाकडे सरकली. त्या पोरांची निष्ठा एका रात्रीत मेली असे आम्ही मानत नाही. ज्या कामाला पैसे मिळतात त्या कामाकडे माणूस हळूहळू सरकतो, एवढे साधे समाजशास्त्र यामागे आहे. जाहिरातीवर जगणारे चॅनेल शेवटी जाहिरातीच्या मशीनला आवडेल तसे बोलू लागते. चळवळीतले फाटके अजून फाटण्यात ज्या मशीनचा फायदा आहे, त्या मशीनवर चळवळीचा आवाज अवलंबून ठेवायचा का?

दुसरा धोका जागेचा. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी अॅप बंद केली, त्यात टिकटॉक होते. सरकारचे कारण काहीही असो, खेड्यापाड्यातल्या, मजुरी करणाऱ्या, बहुजन घरांतल्या असंख्य पोरापोरींनी जमवलेला प्रेक्षक एका संध्याकाळी नाहीसा झाला. लाखो फॉलोअर होते, पण त्यांच्यापैकी एकाचाही फोन नंबर त्या पोरांकडे नव्हता. ज्यांच्याकडे इंग्रजी, चांगला कॅमेरा आणि शहरातली ओळख होती ते दुसऱ्या अॅपवर उभे राहिले. बाकीचे पुन्हा कामावर गेले. नंतर एप्रिल २०२४ मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत, 'नॅशनल दस्तक' या बहुजन चॅनेलने आपल्याला चॅनेल बंद करण्याबाबत नोटीस आल्याचे जाहीर केले. भाड्याच्या वाड्यात राहणाऱ्याने मालकाच्या भरवशावर पोरांची लग्ने ठरवू नयेत, असे आमच्या वस्तीतल्या आजीबाई म्हणतात. यूट्यूब वापरायचे, जरूर वापरायचे, पण तो रस्ता आहे, घर नव्हे.

मग मोठ्या माध्यमांत नोकरी का करत नाहीत, असेही काही जण विचारतात. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने केलेल्या पाहणीत न्यूजरूममधल्या १२१ नेतृत्वाच्या पदांपैकी १०६ पदांवर उच्चजातीय पत्रकार होते आणि अनुसूचित जाती-जमातीचा एकही नव्हता. दार कोणासाठी उघडे आहे हे त्यावरून कळावे. आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. सवर्ण घरातला मुलगा दोन-तीन वर्षे बिनकमाईचे चॅनेल चालवू शकतो. पुण्यात घर असते, वडिलांची पेन्शन असते, मामा जाहिरात कंपनीत असतो. "सातत्य ठेवा, यश मिळेल" असे तो नंतर पॉडकास्टमध्ये सांगतो. सातत्य ठेवायला भांडवल लागते. आपल्या पोराच्या पगारावर बहिणीचे शिक्षण आणि आईची गोळी असते, त्याला दुसऱ्या महिन्यात हिशेब द्यावा लागतो. आणि चॅनेल चालवणारी मुलगी असेल तर जातीच्या शिव्यांवर बाईपणाच्या शिव्या वेगळ्या येतात, रात्री गावातून परतायला गाडी करावी लागते, म्हणजे खर्चही जास्त.

आता इतिहास. कारण पैशाचा विषय काढला की लगेच "बाबासाहेबांनी चळवळीचा धंदा केला नाही" असे ऐकवले जाते. अगदी बरोबर, धंदा केला नाही. पण पैशाचा विचारही केला नाही, असे कोणी सांगितले? 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाले, त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'ने पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला. म्हणजे प्रस्थापितांचे जाहिरातीचे दार तेव्हाही बंदच होते. मोठी देणगी मिळाली, ध्येय होते, लेखणी होती, तरी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेल्यावर पत्र फार काळ टिकले नाही. १९२३ पर्यंत ते बंद पडले. एकरकमी मदतीने सुरुवात होते. महिन्याचा खर्च तिच्याने निघत नाही.

३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. महाडचा संगर नुकताच झालेला. अंकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत, संपादक म्हणून मोबदला काही नाही. वर्गणीदार पुरेसे मिळेनात. तेव्हा बाबासाहेबांनी काय केले? गप्प बसून त्याग करत राहिले नाहीत. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असा लेख लिहून वाचकांपुढे हिशेबाचा प्रश्न मांडला. त्या मथळ्यातला 'ऋण' हा शब्द नीट वाचा. पत्र तुमच्यासाठी राबते, त्याचे तुमच्यावर देणे आहे, आणि ते व्यवहारातले देणे आहे. ज्या माणसाने 'रुपयाचा प्रश्न' लिहिला त्याला छापखान्याचे बिल कळत नव्हते, असे मानणारेच बाबासाहेबांना देव्हाऱ्यात बसवतात. 'बहिष्कृत भारत' नोव्हेंबर १९२९ मध्ये थांबले. आम्हाला त्या बंद पडण्याची खंत वाटते, आणि आज शंभर वर्षांनीही आपण त्याच जागी उभे आहोत याचा रागही येतो. तेव्हाच्या वाचकाकडे खरोखर पैसे नव्हते. आजच्या प्रेक्षकाकडे महिन्याचा तीनशेचा रिचार्ज आहे.

समाजाने पैसे देऊन संघटना उभी केल्याचे उदाहरणही फार जुने नाही. कांशीराम साहेबांनी १९७८ मध्ये बामसेफ उभी केली ती शिकलेल्या, नोकरीतल्या माणसाला "समाजाचे देणे फेड" असे सांगून. पगारातून ठरावीक रक्कम बाजूला काढणारे ते लोक आजही आपल्यात आहेत, निवृत्त झालेत. त्यांना यूट्यूबचे सदस्यत्व कसे घ्यायचे ते माहीत नाही एवढेच. कोणी जाऊन शिकवले पाहिजे.

वर्गणी आणि देणगी यात आम्ही फरक करतो. देणगी देणारा उपकार करतो, कधी करतो, कधी करत नाही, आणि मोठी दिली की त्याचा फोटो लावावा लागतो. निवडणुकीच्या वर्षात एखादा इच्छुक उमेदवार एकदम पन्नास हजार देतो, मग चॅनेल सहा महिने त्याच्याविरुद्ध बोलू शकत नाही. असे प्रकार आम्ही पाहिले आहेत, नावे घेण्यात अर्थ नाही. वर्गणीदार पन्नास रुपये देतो, त्यामुळे तो मालक होत नाही, पण विचारू शकतो. चारशे लोकांनी पन्नास दिले की वीस हजार होतात. लाखभर सबस्क्राइबरमधले चारशे म्हणजे हजारातले चार. हजारातली चार माणसे! तालुक्याच्या गावात एका माणसाची खोली, डेटा आणि प्रवास यात निघतो. आणि त्यातले पन्नास जण रागावून निघून गेले तरी अडीच हजारच कमी होतात, चॅनेल बंद पडत नाही. एका पन्नास हजारवाल्याने पाय मागे घेतला तर मात्र सगळे आडवे होते. केविन केली नावाच्या अमेरिकन लेखकाने २००८ मध्ये हजार खऱ्या चाहत्यांचा हिशेब मांडला होता: एकेकाकडून वर्षाला शंभर डॉलर मिळाले तर कलावंत जगू शकतो. आपल्याकडे शंभर डॉलर देणारे हजार शोधण्यापेक्षा सहाशे रुपये देणारे चारशे शोधणे सोपे आहे, आणि चळवळीच्या स्वभावाला धरूनही आहे.

पैसे कसे घ्यायचे? यूट्यूबचे स्वतःचे सदस्यत्व आहे, लाइव्हमध्ये सुपर चॅट आहे. ५०० सबस्क्राइबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तासांचा वॉच टाइम असला तरी हे मिळू शकते, म्हणजे जाहिरातीपेक्षा उंबरठा खाली आहे. त्यातले ७० टक्के चॅनेलला मिळतात. थेट यूपीआयने घेतले तर जवळजवळ पूर्ण रक्कम हातात येते. २०२० पासून यूपीआयमध्ये ऑटोपेची सोय आहे, एकदा परवानगी दिली की दर महिन्याला आपोआप पैसे जातात. त्यासाठी पेमेंट गेटवे घ्यावे लागते, ते थोडे शुल्क कापते. तेवढे कापू द्यावे. कारण दर महिन्याला चारशे लोकांना आठवण करून देणे हेच एक पूर्णवेळ काम होऊन बसते, आणि मागून मागून मागणाऱ्याचा आवाजही रडका होतो.

पण अॅपच्याही आधीचा मार्ग आपल्या बायकांना पाठ आहे. बचत गट. दहा जणी, ठरलेली तारीख, वही, सही. ज्या आईला सहाशे रुपये एकदम देता येत नाहीत आणि ऑटोपेची भीती वाटते, ती गटातून महिन्याला वीस रुपये देईल. एका गटाची एकच वर्गणी लावा. चॅनेलवाल्याने महिन्यातून एकदा त्या गटात जाऊन बसावे. तिथे त्याला ज्या बातम्या कळतील, राशन दुकानापासून स्मशानभूमीच्या जागेपर्यंत, त्या कुठल्याही ट्रेंडिंग यादीत सापडणार नाहीत.

काही जण म्हणतील, पैसे देणाऱ्यांनाच व्हिडिओ दाखवा, बाकीच्यांना कुलूप लावा. पाश्चात्त्य वर्तमानपत्रे असे करतात. आम्हाला ते पटत नाही. ज्याच्याकडे पन्नास रुपये नाहीत त्यालाच शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेची सर्वात जास्त गरज असते. पाण्यासाठी सत्याग्रह केलेल्या माणसांनी पाणवठ्याला कुलूप लावायचे? वर्गणीदार आपल्यासाठी पैसे देतोच, पण न देऊ शकणाऱ्यासाठीही देतो, हे त्याला सांगितले तर तो देतो. वर्गणीदाराला वेगळे काही द्यायचेच असेल तर हिशेब द्या. महिन्याला एक पान: इतके आले, इतके प्रवासाला गेले, इतके कॅमेऱ्याच्या हप्त्याला, इतके मी पगार म्हणून घेतले. "पगार" हा शब्द लिहायला लाजू नका. समाज पगाराला नाक मुरडत नाही, लपवाछपवीला मुरडतो. आपल्याकडे विहाराच्या बांधकामाच्या वर्गणीवरून किती भांडणे झाली आहेत आणि का झाली, हे सगळ्यांना माहीत आहे.

वर्गणीदारांची यादी आपल्याजवळ ठेवा, वहीत आणि संगणकावर, दोन्हीकडे. उद्या चॅनेल उडाले तरी चारशे फोन नंबर उरतात आणि आठवड्यात नवे चॅनेल उभे राहते. ती यादी कोणत्याही पक्षाला, उमेदवाराला, क्लासवाल्याला द्यायची नाही. सरकारी नोकरीतल्या अनेकांना आपले नाव जाहीर झालेले नको असते, त्यांची नावे स्क्रीनवर झळकवण्याचा उत्साह आवरा.

प्रायोजकाचे पैसे घ्यावेत का? पुस्तक प्रकाशक, गावातले कापड दुकान, अभ्यासिका यांची जाहिरात घ्यायला आमची हरकत नाही, फक्त ती जाहिरात आहे असे स्पष्ट सांगा. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्येच इन्फ्लुएन्सरसाठी तसा नियम केला आहे. पण रमीच्या आणि सट्ट्याच्या अॅपच्या जाहिराती आपल्या काही चॅनेलांनी घेतल्या, त्याच व्हिडिओच्या शेवटी "जय भीम" म्हटले, हे आम्ही विसरलेलो नाही. २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. पण कायदा येईपर्यंत थांबायची गरज काय होती? अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे ना? बुद्धांनी दीघजाणूला केलेल्या उपदेशात गृहस्थाने मिळकत आणि खर्च यांचा मेळ घालून जगावे, त्याला समजीविता म्हणतात, असे सांगितले आहे. ज्याचे उत्पन्न एप्रिलला फुगते आणि जुलैला सुकते त्या माणसाला याहून व्यवहारी सल्ला मिळणार नाही: एप्रिलचे पैसे एप्रिलमध्ये खर्च करू नका, बारा भाग करा.

गाणारे आणि गाणी लिहिणारे मित्र आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. कॅसेटच्या काळात आपल्या कितीतरी शाहिरांनी एकरकमी मानधन घेऊन हक्क लिहून दिले, आणि त्या गाण्यांवर कंपन्या अजून कमावतात. आता व्हिडिओवर दावा लागतो तोही कधीकधी आपल्याच शाहिराच्या गाण्यावरून, पैसे जातात लेबलला. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला ध्वनिमुद्रणाच्या वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून इतर कोणाला देऊन टाकता येत नाही. म्हणजे कंपनीने करारात काहीही लिहून घेतले तरी तेवढा भाग टिकत नाही. आयपीआरएस या संस्थेचे सदस्य व्हा, गाणी नोंदवा. पाच हजार रुपये आणि शाल घेऊन कोऱ्या कागदावर सही करण्याचे दिवस संपले पाहिजेत.

परदेशातल्या आपल्या बांधवांकडून मदत घेताना मात्र सांभाळा. परकीय योगदानाच्या कायद्याने, म्हणजे एफसीआरएने, बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम इलेक्ट्रॉनिक माध्यमातून करणाऱ्यांना परदेशी देणगी घ्यायला मनाई आहे. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईहून आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवतो ते वेगळे, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस किंवा तिथली संस्था पाठवते ते वेगळे. सत्तेला न आवडणाऱ्या चॅनेलची आधी हीच कागदपत्रे तपासली जातात. सीएला विचारल्याशिवाय परदेशातून एक पैसा घेऊ नका. कराचेही तसेच: लोकांनी प्रेमाने दिले म्हणून ते करमुक्त होत नाही. पहिल्या महिन्यापासून वेगळे बँक खाते ठेवा, रिटर्न भरा.

"आपला समाज गरीब आहे, त्याच्याकडून कसे मागायचे?" हा शेवटचा आक्षेप, आणि तो प्रामाणिक माणसेच घेतात. समाजात गरीब आहेत, पण समाज सगळाच गरीब आहे का? शिक्षक, तलाठी, बँकेतले, रेल्वेतले, आयटीतले, परिचारिका, प्राध्यापक, आरक्षणाने आणि स्वतःच्या मेहनतीने उभे राहिलेले लाखो लोक आहेत. त्यांनी द्यावे. आणि जयंतीच्या डीजेला एका रात्रीत जे जाते ते कुठून येते? आम्ही डीजेच्या विरोधात भाषण करणार नाही, ती चर्चा दरवर्षी होते आणि १५ एप्रिलला विसरली जाते. आमची मागणी लहान आहे. जयंती मंडळाच्या खर्चाच्या यादीत मंडप, हार, नाश्ता, बॅनर यांच्याखाली एक ओळ वाढवा: आपल्या जिल्ह्यातल्या एका आंबेडकरी चॅनेलची किंवा पत्रकाराची वर्षाची वर्गणी. सहा हजार रुपये, महिन्याचे पाचशे. चार बॅनर कमी छापले तर यातला बराचसा भाग निघतो. जिल्ह्यातल्या चाळीस मंडळांनी हे केले तर महिन्याला वीस हजार होतात आणि एक माणूस बाराही महिने पूर्णवेळ बातमीदारी करू शकतो.

मंडळाने बदल्यात काय मागावे? मिरवणुकीचे शूटिंग फुकट मागू नये, अध्यक्षांची मुलाखत मागू नये. वर्षातून एकदा चॅनेलवाल्याला विहारात बोलवावे, हिशेब वाचायला लावावा आणि कुठल्या बातम्या केल्या, कुठल्या का सोडल्या हे सगळ्यांसमोर विचारावे. तो नुसती भांडणे लावत असेल तर पुढच्या वर्षी वर्गणी बंद करावी आणि दुसऱ्याला द्यावी.

जयंती मंडळांच्या बैठका फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतात, पावती पुस्तके तेव्हाच छापायला जातात. त्याआधी आपल्या भागातल्या चॅनेलवाल्यांनी मागच्या वर्षाच्या कामाची यादी आणि महिन्याच्या खर्चाचा कागद तयार ठेवावा, आणि बैठकीला स्वतः जाऊन तो वाचावा.